बिनवासाचा रंग

उद्यमबागेच्या मागच्या गल्लीत बसवंतअण्णा बावीस वर्षं गाड्या रंगवत होते. कंग्राळीच्या आरोहीनं बुलेटच्या टाकीवर मोर काढून घ्यायला एअरब्रशचे पाण्यातले रंग आणून त्यांच्यासमोर मांडले, तसे ते फिस्सकन हसले.

"पाण्यातला रंग? मग शाळेच्या भिंतीवर काढून घे की मोर! आमच्या रंगातल्या थिनरचा वास तिसऱ्या गल्लीपतोर जातोय."

"वरनं लॅकरचा चकचकीत थर मारला की ह्यो बी टिकतोय, अण्णा. आन् छातीला तरास न्हाय."

"छातीला! बावीस वर्षांत मी तोंडाला फडकं बांधलं न्हाय. मास्क लावतोय त्यो पेंटर न्हवं, कंपाउंडर!"

त्यांनी तिची एक बाटली उघडून नाकाशी धरली. "वास न्हाय त्यो रंग कसला गं?" मग टेबलावरची दुसरी बाटली न बघताच उचलली, बूच काढून छाती भरून हुंगली आणि तोंड वाकडं केलं. "ही बी तसलीच. निव्वळ पाणी!"

जेवणाचा डबा घेऊन आलेली त्यांची बायको मंगल दारातच नाकाला पदर लावून उभी राहिली.

दुसरी बाटली अण्णांच्याच थिनरची होती.