सातव्या आकड्यावरचे कुंकू

मित्रांनो, मी एक जुना टेपरेकॉर्डर आहे आणि माझ्या नावावर एक खोटी गोष्ट खपवली गेली आहे. तुमसरच्या बाजारात अजूनही एखादा म्हातारा सांगतो, की गोपीचंदच्या टेपला बाईची सावली लागली होती. मला सावली लागत नाही. मला धूळ लागते, ओल लागते आणि माणसांचा मूर्खपणा लागतो. काय झाले होते ते आता मीच सांगतो.

माझा जन्म दूरच्या कुठल्यातरी देशातला. लांब टेबलाशी बसलेल्या मुलींनी माझ्या तारा जोडल्या, पट्टे चढवले, झाकण बसवले. शेवटी एकीने माझे आवाजाचे सरकते बटण शून्यापासून दहापर्यंत नेले, परत आणले आणि मान हलवली. हे बटण लक्षात ठेवा. ते चार बोटे लांबीच्या खाचेत सरकते. खाचेखाली एक काळी पट्टी असते आणि तिच्यावरून पितळेची बारीक जीभ फिरते. जीभ जिथे टेकते तेवढा आवाज मी घेतो. माझी सगळी कहाणी त्या खाचेत आहे.

नागपूरला एका घरात मी थोडे दिवस होतो. त्या लोकांना मी नकोसा झालो आणि १९७८ साली गोपीचंदने मला विकत घेतले. एसटीत त्याने मला मांडीवर धरून तुमसरला आणले. खाली ठेवले नाही, शेजारच्याला हात लावू दिला नाही. त्याचे लाऊडस्पीकरचे दुकान होते. दुकानाची मागची भिंत आणि राईस मिलची भिंत एकच. मिल सुरू झाली की मी पाटावर बसल्या जागी थरथरायचो.

पहिली पाच वर्षे माझ्या कौतुकाची होती. लग्न असो, मंडईची जत्रा असो, गोपीचंद मला घेऊन जायचा. पोरे भोवती गोळा व्हायची. स्वतःचा आवाज माझ्यातून ऐकून चांगली थोराड माणसे लाजायची. दर गुरुवारी गोपीचंदची बायको निर्मलाबाई माझी पूजा करायची. हळद, कुंकू, अक्षता, उदबत्ती. कुंकवाची चिमूट ती माझ्या वरच्या अंगावर सोडायची, अगदी बटणाच्या खाचेजवळ. खोटे कशाला बोलू, मला ते आवडायचे. ज्याला रोज फुंकर मारून पुसतात आणि गुरुवारी देव करतात, तो कशाला तक्रार करील?

१९८३ च्या थंडीत नागपूरच्या एका कॅसेट कंपनीचे पत्र आले. गावाकडच्या गाण्यांचा नमुना पाठवा, सहा गाणी हवीत, त्यात एक शेतातले बायकांचे हवे. पत्र भय्याजींच्या नावाने होते. भय्याजी म्हणजे भजन मंडळाचे प्रमुख. पेटी वाजवायचे, गळाही बरा होता, आणि बरा आहे हे त्यांना जरा जास्तच ठाऊक होते. सोमवारी सकाळच्या एसटीने कॅसेट नागपूरला जायलाच हवी होती. हातात एक आठवडा.

भय्याजींची पाच गाणी दोन दिवसांत झाली. सहावे रोवणीचे. ते कोणाला येते? सगळ्यांनी एकच नाव घेतले, बायजाबाईचे. ती मागच्या मिलमध्ये तांदूळ पाखडायची. नवरा जाऊन अकरा वर्षे झाली होती. बांधीत, म्हणजे भाताच्या खाचरात, चिखलात उभे राहून धान रोवताना बायका जी गाणी म्हणतात ती तिला शेकड्यांनी पाठ होती. त्यातले एक तिच्या आईने स्वतः रचलेले होते, आणि आई आता नव्हती. शेतात जाणाऱ्या नव्या पोरी लाऊडस्पीकरवर ऐकलेली सिनेमाची गाणी म्हणत होत्या. गोपीचंदने विचारले तेव्हा बायजाबाईने एवढेच सांगितले, "माह्या मायचं गाणं हाय, भाऊ. मी मेली का ते बी गेलं. तुह्या डब्यात राहत असंल त घे."

धानाचा हंगाम होता, मिल रात्रंदिवस चालायची. मशीन बंद असे ती फक्त दुपारी एक ते दोन. भोंगा वाजला की गडगडाट थांबायचा, पुन्हा वाजला की सुरू. आमच्या हातात तेवढाच एक तास. बायजाबाई डब्यातला भात न खाता यायची.

बुधवारी ती आली. निर्मलाबाईने नुकतीच माझी पूजा केली होती, कारण नवीन काम सुरू करण्याआधीही पूजा व्हायची. भय्याजी म्हणाले, पूजा मांडलेल्या जागेजवळ विधवेने येऊ नये, बायजाबाईने दारापाशी उभे राहून म्हणावे. इतक्या सहजपणे म्हणाले, जसे कोणी चपला बाहेर काढायला सांगते. बायजाबाई दारापाशी उभी राहिली. माईक माझ्यापाशी, पाटाजवळ. दहा-बारा हातांचे अंतर. तिने आवाज लावला.

बांधीत पाणी गं, पाण्यात आभाय,
आभायात रोवली मी धानाची काडी...

दुसऱ्या ओळीला माझ्यातून खर्रकन आवाज आला. आवाज तुटला, परत आला, पुन्हा तुटला.

गोपीचंदने कॅसेट बदलली. खरखर. तार बदलली. गाणे अर्धे साफ आले, सगळे खुलले, आणि शेवटच्या ओळीला पुन्हा खर्र. मग भय्याजींनी माईकपाशी बसून भजन म्हटले. एकदम स्वच्छ. मित्रांनो, जे दुखणे सतत असते ते सापडते. जे येते आणि जाते, ते माणसाला वेडे करते. गोपीचंदचे डोके फिरायची वेळ आली. माझे त्याहून जास्त. मला कुठे खुपते आहे ते मला ठाऊक होते, पण मला फक्त खरखरता येत होते.

गुरुवारी सकाळी त्याने मला सायकलवर बांधून वरठीला नत्थू मिस्त्रीकडे नेले. नत्थू रेडिओ दुरुस्त करण्यात हुशार होता. त्याने झाकण उघडले, पट्टे पाहिले, टेप जिथे घासून जाते ते हेड स्पिरिटने पुसले, तारा हलवून पाहिल्या. मग माईक ओठांना लावून "हॅलो, एक, दोन, तीन" म्हणाला. मी ते स्वच्छ परत ऐकवले. त्याने दहादा म्हटले, मी दहादा ऐकवले. तो म्हणाला, यात काही नाही, मिलचा कोंडा उडतो, वरून फडके टाकत जा. मी आतून ओरडत होतो की बटण पुढे ने, पुढे ने. पण माईक ओठांना लावल्यावर बटण पुढे न्यायचे कोणाला सुचणार?

दुपारपर्यंत घरी. गुरुवार होता, पुन्हा पूजा झाली. यंत्र बरे होऊन आले म्हणून या वेळी कुंकू जरा जास्तच. बायजाबाई दारात. दुसऱ्या ओळीला खर्र.

शुक्रवारी दुसरा माईक आणला. विजेचा दाब कमी-जास्त होतो म्हणून वेगळी जोडणी घेतली. दार लावून पाहिले, खिडकी उघडून पाहिली. सगळे बदलून झाले. बदलायची एकच गोष्ट राहिली होती, बाई. हे कोणी मोठ्याने म्हटले नाही, पण मंडळातला प्रत्येक माणूस दाराकडे बघू लागला. मी तर बघितले आहे ना, माणसे कशी बघतात ते. तारेकडे अशी बघत नाहीत.

शनिवारी म्हटले गेले. भय्याजींनी पेटीचा भाता बंद केला आणि सांगितले, "गोपीचंद, यंत्राले बी समजते बाप्पा. पूजेच्या जागी असं तोंड नाही चालत. सहावं गाणं मी म्हणतो, विषय संपला."

गोपीचंद गप्प राहिला. ज्याने मला मांडीवर धरून आणले तो माणूस गप्प राहिला, याचा राग मला आजही आहे.

बायजाबाई रडली नाही. दाराची चौकट सोडली नाही. तिने विचारले, "तुमी सारे माह्या तोंडाकडं पाहून राहिले. गोपीचंदभाऊच्या हाताकडं कोणी पाह्यलं का?"

कोणाला काही समजले नाही. मग तिने सांगितले. चार दिवस ती दारातून बघत होती, आणि दारातून माझे बटण समोरच दिसत होते. भय्याजी माईकपाशी गातात तेव्हा ते बटण चारावर असते. तिची पाळी आली की आवाज पोचत नाही म्हणून गोपीचंद ते सातावर ढकलतो. खरखर तिथेच होते. चारावर एकदाही झाली नाही.

"मिलमदी ज्या नालीतून रोज धान जाते ते नाली साफ राह्यते," ती म्हणाली. "जिच्यातून जात नाही तिच्यात कचरा बसते. तुमच्या मशीनचं बी तसंच असंल. आता एक करा जी. भय्याजी, तुमी या अठी दारापाशी. माह्या जाग्यावर उभे राहून म्हणा."

भय्याजींचा चेहरा पाहण्यासारखा झाला. ते म्हणाले, कायले उगाच वेळ घालवता. घड्याळात दीड वाजून गेला होता. तेव्हा गोपीचंदचे तोंड उघडले, उशिरा का होईना. तो म्हणाला, "भय्याजी, तारेले पाह्यलं, माईकले पाह्यलं. हे बी पाहून घेऊ. तुमी भेता का?"

भय्याजी उठले. दारापाशी गेले, चौकटीला धोतर लागू नये म्हणून जरा आवरून उभे राहिले. बायजाबाई बाजूला झाली. गोपीचंदने बटण सातावर नेले. भय्याजींनी आपले सगळ्यांत आवडते भजन सुरू केले.

मी दुसरी ओळ येऊ दिली आणि माझ्यात होती तेवढी सगळी खरखर केली.

तबलेवाला खाली बघू लागला, टाळवाला टाळांच्या दोऱ्या नीट करू लागला. भय्याजी दारातच उभे. तिथून पुढे यावे की मागे जावे ते त्यांना कळेना.

गोपीचंदने पेचकस घेतला, माझे वरचे झाकण काढले. कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये बुडवला आणि चारापासून पुढे, दहापर्यंत, खाचेखालच्या पट्टीवरून फिरवला. चारापर्यंतची वाट रोजच्या ये-जाने साफ होती. पुढे कोणी जातच नसे. पाच वर्षांच्या गुरुवारांची पूजा तिथे साचली होती. कापूस बाहेर आला तो लालभडक. सगळ्यात जास्त लाल सातव्या आकड्याखाली.

त्याने तो बोळा हातात धरून ठेवला. खाली टाकायचे त्याला सुचले नाही. निर्मलाबाई कुंकवाचा करंडा हातात घेऊन उभी होती. तिने हळूच त्याचे झाकण लावले.

बायजाबाई जवळ आली. पहिल्यांदाच पाटाइतकी जवळ. कापसाकडे बघून म्हणाली, "अकरा वर्षं झाली, मी कुकवाले हात लावला नाही. हे माह्या हातचं नोहे, भाऊ."

दोनला दहा मिनिटे कमी होती. निर्मलाबाईनेच पाट सरकवला आणि तिला माईकपुढे बसवले. गोपीचंदचा हात सवयीने बटणाकडे गेला आणि थांबला. इतक्या जवळून तिचा आवाज चारावरच पुरत होता. सातावर जायची गरजच नव्हती. पहिल्या दिवशीही नव्हती. ही गोष्ट खोलीतल्या सगळ्यांना एकाच वेळी समजली. बायजाबाईने डोळे मिटले.

बांधीत पाणी गं, पाण्यात आभाय...

शेवटची ओळ संपली, गोपीचंदने खटका दाबला आणि मिलचा भोंगा वाजला. ती न जेवताच पाखडायला गेली.

सोमवारी कॅसेट एसटीने गेली. उन्हाळ्यात छापून आली. वर भय्याजींचा फोटो, खाली नाव "भय्याजी आणि मंडळी". सहावे गाणे होते, ते म्हणणारीचे नाव नव्हते. गोपीचंदने दुकानात आलेली प्रत्येक कॅसेट उघडली आणि आतल्या कागदावर बॉलपेनने लिहिले, बायजाबाई. शनिवारी गप्प राहिलेला माणूस महिनाभर लिहीत बसला. त्याने माझा राग गेला नाही, पण थोडा उतरला.

पुढे दोन कॅसेटचा नवा चकचकीत टेप आला आणि मी फळीवर गेलो. आता १९८९ चालू आहे. पट्टे ढिले पडलेत, एका कोपऱ्यात झुरळांनी घर केले आहे. पूजा बंद झाली त्याचे दुःख नाही. मला कोणी उघडत नाही त्याचे आहे.

मित्रांनो, तुमच्या घरात एखादे यंत्र असेल तर त्याच्या पाया पडू नका. त्याचे झाकण उघडा. बिघडले तर आधी आपला हात कुठे आहे तो बघा, मग दारात कोण उभे आहे ते बघा. आणि कधी तुमसरला आलात, गोपीचंदच्या फळीवर मी दिसलो, तर माझे एवढे काम करा. माझे बटण शून्यापासून दहापर्यंत न्या आणि परत आणा. त्या कारखान्यातल्या मुलीनंतर आणि त्या शनिवारच्या कापसानंतर तिथपर्यंत कोणी गेलेले नाही. सातावर जरा थांबा. खरखर ऐकू आली तर समजा, वाट पुन्हा बुजत चालली आहे.