वसईच्या मोहिमेतली माणसं

"एवढीशी पोर आणि हाडं म्हातारीची! कुणाकडून आणलीस गं ही?"

सासूबाई माझ्या सईचे पाय चेपता चेपता पुटपुटत होत्या. मी पडद्याच्या अलीकडे पेज ढवळत होते. प्रश्न सईला होता, उत्तर माझ्याकडून हवं होतं.

उत्तर कालच मिळालं होतं. मुंबईच्या डॉक्टरांनी सईचं, माझं आणि ह्यांचं रक्त घेऊन डीएनए की काय ती नवी तपासणी केली होती. शहाण्णव साली डहाणूत कुणी तिचं नावही ऐकलं नव्हतं. सिकलसेल, रक्ताचा आजार. अर्धं आईकडून, अर्धं बापाकडून आलं, की पोर अशी कळवळते. "कुठल्याही जातीत सापडतो," डॉक्टर म्हणाले आणि सहज विचारलं, "मूळ गाव कुठलं तुमचं?" एवढ्यावरच ह्यांचं तोंड कारलं चावल्यासारखं झालं. "आम्ही किल्लेदार. वसईच्या मोहिमेत आलेलो."

मी माहेरची गडनाईक. आम्हीसुद्धा वसईच्या मोहिमेतच आलेलो. आमचं लग्न जमलं ते त्यावरच. एवढी माणसं त्या मोहिमेत होती, तर लढायला जागा कुठे उरली होती कोण जाणे. आज सकाळी चिंचणीला जाऊन आईला सांगितलं, तर माझं बोलणं पुरं व्हायच्या आत ती सुक्या बोंबलांवरच्या माश्या हाकलायला लागली. "आपल्यात असलं नसतं."

"तलासरीकडचा रोग हा," सासूबाई आता मोठ्याने म्हणाल्या. "त्या लोकांचा. शी!" आणि हात धुवायला उठल्या. नातीचे पाय चेपलेले हात. साबण लावून, कोपरापर्यंत. पाड्यावरून येणाऱ्या भाजीवाल्या काळीकडून शेवग्याच्या शेंगा घेतल्यावर धुतात, अगदी तसे. सईने भिंतीकडे तोंड फिरवलं. अकरा वर्षांच्या मुलीला सगळं कळतं.

दारात माझी नणंद पूर्वी उभी होती. पुढच्या महिन्यात तिचं नविनशी लग्न.

"वहिनी, मी पण रक्त तपासून घेऊ? आणि नविनलाही सांगू?"

"खबरदार!" सासूबाई ओल्या हातांनीच आल्या. "ठरलेलं लग्न मोडायचंय? माणसं अगदी आपल्यातली मिळालीत."

"म्हणूनच तपासायचं," मी म्हटलं. "मी पण अगदी आपल्यातलीच होते की."

"तू तुझं घाणेरडं रक्त आमच्या—"

"अण्णा," पूर्वीने आईला थांबवलं आणि झोपाळ्यावरच्या मामंजींकडे वळली. जन्मभर रेल्वेत गार्ड होते, पण घरात कधी शिट्टी वाजवली नाही. "तुम्ही सांगा. माझं मूल असंच रडेल का?"

झोपाळा थांबला. मामंजी उठले, सईच्या पायथ्याशी बसले. तिचे पाय मांडीवर घेऊन चेपू लागले.

"तपास. नविनलाही घेऊन जा. त्याचा आजा आणि माझा बाप एकाच पाड्यावरचे."

"अहो, पोरांसमोर काय हे!"

"बाप डहाणूच्या किल्ल्यात, कचेरीत पाणी भरायचा. मला शाळेत घालताना मास्तरांनी आडनाव विचारलं, तर म्हणाला, आम्ही किल्ल्यातले. मास्तरांनीच किल्लेदार केलं." हात न थांबवता त्यांनी सासूबाईंकडे पाहिलं. "मोहीम नंतर मी जोडली. वारली आहोत आपण, सुधा. तूसुद्धा."