खंडू तांडेलाच्या खुणा आणि मी

मी एक जुना कॉम्प्युटर आहे. रत्नागिरीच्या बंदरावर मच्छीमारांची एक सोसायटी होती. तिथे बर्फाच्या कारखान्याला लागून असलेल्या खोलीत माझी उमेदीची वर्षं गेली. मित्रांनो, १९८५ साली मला टेम्पोतून उतरवलं तेव्हा खलाशांनी जड जाळं उचलावं तसं मला उचललं होतं. बंदरावर मासळी विकणाऱ्या आवडाबाईंनी पुढे होऊन कुंकू लावलं, ते थेट माझ्या काचेवर!

मला चालवणारी दमयंती. खंडू तांडेलांची, म्हणजे होडीच्या म्होरक्याची, ती लेक, मुंबईला मावशीकडे राहून कॉम्प्युटर शिकून आलेली. कुठल्या होडीला किती डिझेल द्यायचं, हे ती माझ्यात भरायची. खारं वारं मला बाधू नये म्हणून रोज सकाळी जुन्या लुगड्याच्या मऊ तुकड्याने पुसायची. काम करता करता माझ्याशी बोलायचीही. लोक हसायचे, पण मला ते फार आवडायचं.

खंडू तांडेलांचे डोळे अधू झाले आणि त्यांचं होडीवर जाणं सुटलं. घरात बसवेना, म्हणून ते दुपारी लेकीजवळ येऊन बसत. एके दिवशी दमयंती म्हणाली, "बाबा, तुम्हाला समुद्रातली खडपं पाठ आहेत. सांगा, मी लिहून ठेवते."

खडपं म्हणजे पाण्याखालचे खडक. त्यांच्यावर जाळं फाटतं, कधी होडीही फुटते. ती वरून दिसत नाहीत, किनाऱ्यावरच्या खुणांवरून ओळखायची असतात.

"लिव बाय," खंडू म्हणाले. "देवळाचा कळस आनि मागचा उंच माड एका रेषेत आला, की जाळा टाकू नको. खाली मोठा खडप हाय."

माझ्यात तेव्हा मराठी अक्षरं नव्हती. दमयंती इंग्रजी अक्षरांत मराठी लिहायची. अंजनवेलपासून पावसपर्यंतचा किनारा असा थोडा थोडा माझ्या पोटात उतरला. मित्रांनो, डिझेलचे आकडे सांभाळताना मला कधी अभिमान वाटला नव्हता. तो तेव्हा वाटला.

मग एका सकाळी खंडूंना अर्धांगवायूचा झटका आला. जीव वाचला, पण वाचा गेली. उजवा हातही लुळा पडला.

त्याच सुमारास मी आजारी पडलो. मधेच अडायचो, काच काळी पडायची. शिवाय डिझेलचा नवा प्रोग्राम आला होता आणि तो माझ्या जुन्या डॉसवर चालत नव्हता. डॉस म्हणजे आमची मूळ शिकवण. ती असेल तरच बाकीची कामं जमतात. नवी डॉस घेऊन लवू इंजिनिअर आला. तो मूळचा सावर्ड्याचा, नोकरी कोल्हापुरात.

"दोन वाटा आहेत, ताई," तो म्हणाला. "जुन्यावरच नवी चढवली तर आतलं सगळं जागेवर राहील. पण जुना बिघाडही तसाच राहील. नाहीतर डिस्क पूर्ण पुसायची, नवी डॉस बसवायची आणि तुमचं काम आधी फ्लॉपीवर, त्या पातळ चकतीवर, उतरवून मग परत भरायचं. मला विचाराल तर पुसलेलं बरं."

दमयंतीचा हात माझ्यावरून हलेना. "वरूनच चढवून बघा ना. ह्याच्यात माझे बाबा बोलतायत."

लवूने तिचं ऐकलं. सबंध सकाळ तो खटपट करत राहिला. नवी डॉस चढली, पण मी दुपारपर्यंत पुन्हा अडलो. पाहता पाहता खुणांचं एक पान वाचता येईनासं झालं.

"असंच चालवलं तर एकेक करून सगळंच जाईल," लवू हळूच म्हणाला.

दमयंतीने डोळे पुसले आणि स्वतःच फ्लॉप्या काढल्या. उतरेल तेवढं उतरवून घेतलं; पावसकडचा भाग उतरेना, पण त्याची जुनी फ्लॉपी तिच्याकडे होती. मग ती म्हणाली, "पुसा."

मी पुसला गेलो. तुम्ही विचाराल, मग आधीचं हे सगळं मला कसं ठाऊक? पुढे दमयंतीनेच काम करता करता मला सांगितलं. मी नव्याने सुरू झालो तेव्हा माझं डोकं हलकं होतं, काहीच अडत नव्हतं. तिने एकेक फ्लॉपी घातली. अंजनवेलचा भाग आला, मधला किनारा आला. शेवटची, ती जुनी फ्लॉपी मात्र वाचता येईना. दमट हवेत तिच्यावर बुरशी चढली होती. पावसकडच्या खुणा गेल्या.

काही दिवसांनी वडिलांना खुर्चीवर बसवून तिने सोसायटीत आणलं. उरलेलं मोठ्याने वाचून दाखवू लागली. खंडू डोळे मिटून ऐकत होते. वाचता वाचता पावसपाशी येऊन ती थांबली.

"बाबा, पुढचं गेलं हो माझ्याकडून."

दारात बाबल्या डिझेलसाठी उभा होता. खंडूंच्या होडीवर खलाशी म्हणून राबला होता, आता स्वतः तांडेल झाला होता. तो आत आला आणि खंडूंच्या पायाशी बसला.

"रडतंस कशाला गो? ह्यांनी माका न्हाय शिकवल्यान? लिव तू. पावसच्या बाजूस मोठी बाग सरली, की समोर..."

खंडूंनी मान जोरात हलवली. नाही! बाबल्या अडखळला, डोकं खाजवून पुन्हा म्हणाला, "बाग न्हाय. बागेच्या अलीकडची घळ."

खंडूंनी डावा हात खुर्चीवर आपटला. बरोबर!

त्या दिवशी खोलीत खूप वेळ हेच चाललं. बाबल्या सांगत होता, डावा हात हो म्हणत होता आणि दमयंतीची बोटं माझ्यावर धावत होती. चुकलं की खंडू मान हलवत, जमलं की त्यांचे डोळे भरून येत. बाहेर डिझेलला आलेले आणखी दोघे तांडेल आत येऊन बसले. त्यांनाही काही काही ठाऊक होतं.

मित्रांनो, आता मी माळ्यावर आहे आणि माझी तक्रार नाही. जुनं थकलं की पुसून नवं बसवावंच लागतं. एवढंच करा. पुसण्याआधी आत कोणाचं काय आहे ते विचारा आणि ते कोरड्या जागी, दोन ठिकाणी ठेवा. तरीही काही हरवलंच, तर यंत्रासमोर एकटे रडत बसू नका. ज्याचं बोलणं हरवलं, त्याच्याबरोबर ज्यांनी होडी हाकली त्यांना हाक मारा. ते येतील, आणि तुम्ही लिहायला बसा.