जगाच्या लेकरांची यजमानीण

नगरच्या सावेडीतल्या एका शाळेने यंदाच्या गॅदरिंगचा विषय ठेवला होता ‘जगाची लेकरं’. रंगभेद, वर्णभेद, जातिभेद असे सगळे भेद एकाच संध्याकाळी मिटवायचे होते, कारण दुसऱ्या दिवशी मांडववाल्याला त्याच कनाती एका लग्नाला न्यायच्या होत्या.

नाच असा होता, की पाच मुलं पाच खंडांची होऊन येणार आणि मध्ये उभी असलेली भारतातली यजमानीण एकेकाला हाक मारून बोलावणार. सगळी वाक्यं तिलाच. खंडांनी नुसतं येऊन गिरकी घ्यायची. त्यामुळे आयांचा डोळा त्या एका जागेवर होता. वर्गशिक्षिका सुकन्याबाईंनी सगळ्या मुलींचे आवाज ऐकले आणि ती जागा पंकजाला देऊन टाकली. पंकजा मोफत जागेवर शाळेत आलेली. आईबाप शेवगावकडचे, वर्षानुवर्षं ऊसतोडीला जाणारे. बापाने, कल्याणने, टेम्पो चालवायला घेतला तेव्हा बिऱ्हाड नगरात आलं. उसाच्या फडात या टोकाची हाक त्या टोकाला पोचवणाऱ्या माणसांची पोर ती. तिला माईक लागत नव्हता.

पालक समितीच्या प्रमुख नीलांबरीबाईंच्या ईराला युरोप मिळाला होता. नीलांबरीबाईंची जमेची बाजू अशी, की त्या कुणाला तोंडावर वाईट बोलत नसत. गोड बोलूनच त्यांचं काम भागायचं.

“पंकजाबद्दल मला काहीच नाही हं,” शनिवारच्या सभेत त्या म्हणाल्या. “उलट आफ्रिका तिला किती शोभेल! रंग लावायचा त्रास वाचला. ईराला यजमानीण करू. तिची नऊवारी तयारच आहे.”

मुख्याध्यापक शामकांत सरांनी चष्मा काढून पुसायला घेतला. सरांचा चष्मा अडचणीच्या प्रश्नावरच मळतो.

मागच्या बाकावरून पंकजाची आई मनकर्णा उठली. “कसला तरास वाचला म्हनला?”

“अहो, वाईट वाटून घेऊ नका ताई. काळ्या रंगात कमीपणा कसला? तेच तर शिकवतोय आपण मुलांना.”

“मंग तुमच्या ईरीला करा की आफ्रिका. शिकू द्या तिला.”

“तिला रंग फासावा लागेल.”

“फासा. आमच्या पोरीचा आमी जल्मतःच लावून धाडलाय, तुमी जरा कष्ट घ्या.”

दोन आया हसल्या आणि नीलांबरीबाईंनी पाहिल्यावर खोकल्या. सर म्हणाले, “हे बघा, शाळा म्हणजे एक कुटुंब असतं.”

“कुटुंबातच तर वाटन्या हुत्यात, सर. बाईंनी माझ्या पोरीच्या वाट्याला जे दिलं ते काढायचं न्हाई. काढलं तर गॅदरिंगच्या दिशी मी गेटात बसनार. पाव्हने आले की इचारतीलच, का बसलीस म्हनून. मी सांगीन.”

पाहुणे शिक्षण खात्यातले होते. सरांनी चष्मा घाईने डोळ्यांवर चढवला. आफ्रिका अर्णवकडे गेली. त्याची आई त्या दिवशी सभेला आली नव्हती, एवढाच त्याचा गुन्हा.

त्या दिवसापासून नीलांबरीबाई मनकर्णाला दारात भेटल्या तरी मोबाईल बघू लागल्या. मनकर्णाही त्यांच्या स्कूटीला वाट द्यायची नाही. आणि घरी आली की ती पंकजाला मोरीत बसवून बेसन-साय चोळायची. “गप बस. लाईटीत उठून दिसाय पायजे,” म्हणायची. बाहेर भांडून आणलेलं घरात असं घासून काढणं चाललं होतं. पंकजाची मान लाल झाली. रंग जिथल्या तिथे राहिला.

गॅदरिंगच्या दिवशी विज्ञानाच्या खोलीत मेकअप मांडला होता. मेकअपवाला पुंजाराम तमाशाच्या फडांतून आयुष्य काढलेला माणूस. त्याने एका खुर्चीत अर्णवला बसवलं आणि काळा रंग फासायला घेतला, दुसऱ्या खुर्चीत पंकजाला बसवलं आणि गुलाबी लेप द्यायला घेतला. वर फळ्यावर रंगीत खडूंनी लिहिलं होतं, ‘आम्ही सारे एक’.

“मळमळतंय,” अर्णव म्हणाला.

“तोंड मिट. ओठ काळे व्हायचेत अजून,” पुंजाराम म्हणाला.

मनकर्णा पंकजाच्या मागे उभी होती. “दादा, हिला जरा आनखी एक हात द्या. गळ्यापतुर.”

पंकजाने आरशातूनच आईकडे पाहिलं. “आई, तू सभेत कशापायी भांडली गं?”

“तुझ्यासाठीच ना!”

“मंग ईराच्या आई काय येगळं म्हनत हुत्या? त्या म्हनल्या काळी हाय, आफ्रिका करा. तू म्हनती काळी हाय, रंग लाव. तुमी दोघी एकच की.”

पुंजारामचा हात थांबला. खोलीतल्या आयांचे कान आधीपासूनच थांबलेले होते. मनकर्णाचं तोंड असं झालं, की थोबाडीत कुणी मारली हे तिला कळेना. पोरीला एक धपाटा घालायचा म्हणून तिने हात उचलला, आणि त्याच हाताने पदर धरून नळाखाली ओला केला. मग ती लेप पुसू लागली. बेसन चोळायची तितक्याच रागाने.

नीलांबरीबाई आत आल्या. “हे काय? सगळ्यांमध्ये वेगळी दिसेल ती! फोटो बिघडेल.”

“बिघडू द्या. माझी कंची ती तरी वळखू यील.”

“तुम्हाला मिळालं ना हवं ते? आता तरी शिस्त पाळा.”

“तुमी दिलं न्हाई ते. आवाजानं मिळवलंय तिनं.”

पडदा उघडला. पंकजा मध्ये उभी, स्वतःच्या तोंडाने. तिने आशियाला बोलावलं, अमेरिकेला बोलावलं, युरोपालाही नीट बोलावलं. ईराने गिरकी घेतली, टाळ्या पडल्या. मग अर्णव आला. काळ्या रंगातून डोळे लुकलुकत होते, कमरेला गवताचा घागरा, हातात पुठ्ठ्याचा भाला. पुढल्या रांगेतले पाहुणे त्याला बघूनच हसायला लागले. वाक्य नीलांबरीबाईंनी लिहिलेलं होतं. ‘ये रे माझ्या काळ्याबेंद्र्या भावा!’

विंगेतून नीलांबरीबाई कुजबुजल्या, “म्हण! काळ्याबेंद्र्या भावा!”

पंकजाने एकदा हसणाऱ्या रांगेकडे पाहिलं, एकदा अर्णवकडे. मग उसाच्या फडातली ती हाक बाहेर पडली. “अर्ण्या, जा, तोंड धुऊन ये. आपुन थांबतो.”

हसू तुटलं. अर्णवने भाला खाली टाकला आणि तो पळाला. अशी सुटका तो दुपारपासून शोधत होता. शामकांत सरांनी पडदा पाडायची खूण केली. दोरी सुकन्याबाईंच्या हातात होती. त्यांना खूण दिसली नाही, किंवा दिसली. पंकजा तशीच मध्ये उभी राहिली, नळाचा आवाज मांडवापर्यंत येत राहिला आणि पाहुणे आपापल्या बुटांकडे बघत बसले.

विंगेत नीलांबरीबाई मनकर्णाकडे वळल्या. आता त्यांच्या बोलण्यात गोडाचा थेंब नव्हता. “सगळ्या शाळेचं नाक कापलं तुमच्या मुलीनं. पुढच्या वर्षी ती या स्टेजवर पाय कसा ठेवते तेच बघते मी.”

“बघा,” मनकर्णा ओला पदर पिळत म्हणाली. “आज समदी तिच्याकडंच बघत्यात.”