सोमेश्वरची कडी

साखऱ्यात दिवसा दार लावत नाहीत. चोर आला तर त्यालाही ते उघडंच सापडतं. त्याची निम्मी हौस तिथेच फिटते. भर दिवसा आतून कडी दिसली तर गाव त्याचा एकच अर्थ लावतं: घरात कोणी तरी गेलं, नाहीतर जायच्या तयारीत आहे.

सोमेश्वर याच गावात वाढला, पण पुण्याच्या कंपनीत नोकरी करता करता हे विसरला. आई, पार्वतीबाई, इथे एकटी. तिला त्याने एकदा पुण्याला नेलं होतं. चौथ्या मजल्याच्या गॅलरीतून खाली कोणी ओळखीचं जातं का, हे ती आठवडाभर बघत राहिली आणि मग तिने पिशवी भरली. आता आईजवळ राहायचं तर कंपनीने त्याला कायमचं गावातून काम करू द्यायला हवं होतं. त्याने अर्जात लिहिलं, 'इथे पूर्ण शांतता असते. कोणाचाही व्यत्यय येत नाही.'

निर्णय नीता मॅडमच्या हातात होता. त्या आपल्या फ्लॅटमधून लॅपटॉपवर बोलणार होत्या. पार्वतीबाई सेनगावच्या बाजाराला गेल्यावर सोमेश्वरने मागच्या खोलीत बैठक मांडली, फोन बंद केला, बाहेरचा आवाज अडवणारे हेडफोन कानांवर चढवले आणि शांततेची खात्री म्हणून पुढच्या दाराला कडी घातली.

समोरच्या ओसरीत रुख्मिणीबाई भाकरी थापत होत्या. त्यांचा हात थांबला.

"भाऊजी, सोमेश्वर घरात हाय न? मंग कडी काहून?"

शेजारच्या व्यंकटरावांनी दार वाजवलं, हाका मारल्या, फोन लावून पाहिला. "सकाळीच पोराचं तोंड उतरेल होतं, वहिनी," ते हळूच म्हणाले.

ते उतरलं होतं मॅडमच्या धास्तीने, पण हे सांगणार कोण? रुख्मिणीबाईंनी चुलीतलं लाकूड ओढून पाणी मारलं. घरातून मयत निघेपर्यंत गल्लीत चूल पेटत नाही. पाहता पाहता सगळ्या घरांचा धूर थांबला.

आत मॅडम विचारत होत्या, "गावात लोक सारखे येत-जात असतील ना?"

"छे, मॅडम. इथे माणूस मेला तरी कोणाला पत्ता लागत नाही."

एवढ्यात डोक्यावरचा पत्रा सरकला आणि वरून दोन पाय आले. पायांमागून व्यंकटराव आले आणि खाटेवर आदळले. सोमेश्वरचे हेडफोन लॅपटॉपमधून निसटून खाली पडले. उघड्या छपरातून रुख्मिणीबाईंचं रडणं आत आलं. "कसं गुणाचं लेकरू व्हतं गं माय, कोनाच्या अध्यात न्हाई का मध्यात न्हाई..."

सोमेश्वरने आवाज ओळखला. याच रुख्मिणीबाईंनी काल त्याला 'पुण्याला जाऊन माजलास' म्हणून सुनावलं होतं.

व्यंकटरावांनी त्याला नीट न्याहाळलं. "जित्ता हायस?"

"हो, काका."

"मंग कडी काहून लावली?"

"मीटिंग होती."

"मीटिंगला कडी लागती व्हय?" त्यांनी वर तोंड करून हाळी दिली, "वहिनी, जित्ता हाय."

रडणं अर्ध्यावर थांबलं. "नीट बघा बरं, भाऊजी," बाहेरून आवाज आला.

"सोमेश्वर, हे कोण?" आता लॅपटॉपमधूनही आवाज आला. व्यंकटरावांनी पडद्यावरच्या बाईला नमस्कार केला. मग त्यांची नजर तिच्या पाठीमागे गेली आणि त्यांचा चेहरा पडला.

"बाई, तुमचं दार बंद हाय."

"हो. नेहमीच असतं."

"भर दिवसा? घरात समदे बरे हायत न?"

"मी एकटीच असते."

व्यंकटरावांनी डोक्यावरची टोपी काढली. "उघडून बघा बरं जरा."

कंपनीत मॅडमना असं कोणी सांगत नसे. पण बसलेल्या धक्क्यात असेल म्हणा, मॅडम खरंच उठल्या आणि त्यांनी दार उघडलं. समोर दुसरं दार होतं. तेही बंद. शेजारी तिसरं. तेही.

व्यंकटराव मटकन खाली बसले. छपराच्या भोकाकडे बघून म्हणाले, "वहिनी, तिकडं तं अख्खी गल्लीच गेली."

रुख्मिणीबाईंचं अर्धं रडणं तसंच शिल्लक होतं. नाव तेवढं विचारून त्यांनी ते पुण्याकडे वळवलं. "कशी गुणाची नीता गं माय, कोनाच्या अध्यात न्हाई..."

मॅडम दारातच उभ्या राहून ते ऐकत होत्या. इतक्या वर्षांच्या नोकरीत त्यांच्याबद्दल कोणी एवढं चांगलं बोललं नव्हतं. त्या परत येऊन बसल्या तेव्हा दार लावायचं राहून गेलं होतं.

"सोमेश्वर, अर्जातलं ते शांततेचं वाक्य धादांत खोटं आहे."

"हो, मॅडम."

"ते खोडून परत पाठवा. मंजूर करते."

दुपारी पार्वतीबाई बाजारातून आल्या तेव्हा उपाशी गल्ली नुकती चुली पेटवत होती. सगळीकडे धूर निघाला, रुख्मिणीबाईंच्या घरातून तेवढा नाही. आईने सोमेश्वरला त्यांच्याकडे पाठवलं. "काकू, आता पेटवा की. मी आहे ना धडधाकट."

"तू हायस ते दिसून राह्यलं रे," विझलेल्या चुलीपुढे बसून रुख्मिणीबाई म्हणाल्या. "पन पुण्याचं पक्कं कळल्याबिगर म्या कशी पेटवू?"

सोमेश्वर त्यांच्या शेजारी बसला. मग त्याने मुकाट्याने मॅडमना फोन लावला.