अर्धा कोयता

मी एक जुना कोयता आहे, आणि मित्रांनो, आधीच कबूल करतो, मी एका निळ्या प्लॅस्टिकच्या फायलीवर जळतो.

माझा जन्म वडवणीच्या बाजारात, लोहाराच्या भात्यापुढे झाला. ट्रकचा मोडका पाटा तापवून, ठोकून त्याने मला घडवले. शहादेवने बोटाने धार पाहिली आणि म्हणाला, "लई नामी हाय." तेव्हापासून बारा हंगाम मी त्याच्या बायकोच्या, भिवराबाईच्या हातात आहे. किती ऊस तोडला, हिशेब नाही. खंडेनवमीला पहिली हळद मला लागायची, विळ्या-खुरप्यांना नंतर. ती बिचारी गप्प बघत बसायची. बघू देत की!

आमच्याकडे ऊस तोडणाऱ्या नवरा-बायकोच्या जोडीलाच 'एक कोयता' म्हणतात. एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता. माणसे माझ्या नावाने मोजली जातात, आणखी काय पाहिजे? भिवराबाईची पकड पूर्वीसारखी राहिली नाही, तेव्हा माझा डोळा तिच्या लेकीवर, वर्षाराणीवर गेला. पण आठवीपासून तिला उसाच्या फडात नेलेच नाही. आम्ही तोडीला निघालो की ती कडूबाई आत्याजवळ राहून शाळा करायची. दरवर्षी वाटायचे, यंदा येईल. ती बारावी पास झाली, आणि तिच्या कॉलेजच्या कागदांसाठी घरात आली ती निळी फाईल.

त्या फायलीचे काय ते लाड! उत्पन्नाच्या दाखल्यासाठी शहादेव तीन दिवस तहसीलच्या रांगेत उभा राहिला; मला कानस लावायला मात्र त्याला सवड नव्हती. पत्र्यातून पाणी ठिबकले तर भिवराबाईने फाईल उचलून ज्वारीच्या कोठीत ठेवली. मी वळचणीला भिजत राहिलो. अंगात ना धार ना वजन, आणि मान जावयाचा!

भिवराबाई लेकीबरोबर बीडच्या कॉलेजला हेलपाटे घालू लागली. पहिल्यांदा शेजारी बसून गेली. दुसऱ्यांदा एसटीत मागच्या सीटवर बसली आणि म्हणाली, "म्या न्हाईच असं समज. तिकीट तूच काढ, इचारायचं ते तूच इचार." तिसऱ्यांदा वर्षाराणी एकटी गेली. त्या दिवशी भिवराबाईने भाकरीसुद्धा धड खाल्ली नाही, सारखी फाट्याकडे बघत होती.

एका सकाळी बाजेवर वसतिगृहाचा अर्ज भरणे चालले होते. "आबा, तुमचा धंदा काय लिहू?"

"लिही की, एक कोयता."

मी फुलून गेलो. कॉलेजच्या कागदावर माझे नाव! पण वर्षाराणी हसली. "आबा, त्येनला वाटंल आमच्या घरात कोयता हाय, तेवढंच." तिने 'ऊसतोड मजूर' लिहिले. माझे तोंड एवढेसे झाले.

तेवढ्यात आमच्या टोळीचा मुकादम हरिबा आला. अर्जाकडे बघून म्हणाला, "शहादेव, पोरगी अठराची झाली की. अर्धा कोयता घरात कामून ठेवलास रं? माझ्या भावकीत पोरगं हाय. दिवाळीच्या आत उरकू, कोयता पुरा होईल."

मला आनंद झाला, खोटे कशाला बोलू? शहादेव खाली बघत राहिला. हंगामाचे काम मुकादमाच्या हातात, त्याला नाही म्हणणे सोपे नसते. भिवराबाई उठली आणि तिने मला वळचणीतून काढले. वाटले, आता लेकीच्या हातात देते!

तिने मला मुकादमापुढे जमिनीवर ठेवले आणि आपला उजवा हात पसरला. चार बोटे सरळ होत नव्हती.

"ही बोटं बघा, मुकादम. ह्या कोयत्यानं अशी केली. आमी दोघं येतो, कारखान्याचा पट्टा पडेपत्तुर, हंगाम सरेपत्तुर तोडतो. पर माझ्या लेकीला अर्धी म्हनायचं न्हाई. ती एकलीच पुरी हाय."

मग शहादेवने मान वर केली. "वर्षे, ह्या कागदावर सही कुठं करू?"

बारा हंगाम मी त्या बोटांत होतो. मला फक्त पकड दिसत होती, बोटे कधी दिसलीच नव्हती.

वर्षाराणी बीडला गेली, फाईल छातीशी धरून. मी अजूनही जळतो. पण मित्रांनो, तुमच्या घरातून कोणी कॉलेजला निघाले, तर कामे बुडतील, पाय दुखतील, घरातल्या जुन्या वस्तू रुसतील. खुशाल रुसू द्या. आणि माझ्यासारखा कोणी त्या लेकराचा हात मागू लागला, तर देऊ नका.