गाडीत बसलेला केना

ऋषिपंचमीला सोनाळ्यातल्या बायका बैलाच्या कष्टाचं काही खात नाहीत. त्या दिवशी भाजी लागते ती नांगर न लागलेल्या जमिनीतली. मनकर्णाबाई दरसाल सातपुड्याच्या पायथ्याच्या जंगलातून केना खुडून आणायची आणि गल्लीतल्या सहा उपाशी बायकांना आपल्या अंगणात जेवू घालायची. तो तिचा मान होता. महाराष्ट्र राज्य झाल्याच्या तिसऱ्या वर्षी मात्र तिच्या टाचेत बाभळीचा काटा मोडला आणि पाळी नवऱ्यावर, तुळशीरामावर, आली.

"वावरातला आणसान तर पाहा!" तिनं बजावलं.

"मले का केना समजत नाही? जलम गेला निंदण्यात."

"निंदलं मी. तुम्ही धुऱ्यावर बसून पाह्यलं."

खोटं नव्हतं. केना म्हणजे भुईला चिकटून सरपटणारं, पेरापेराला मुळं धरणारं, निळ्या फुलाचं तण. कपाशीत निघालं की बायका शिव्या देत उपटतात आणि या एका दिवशी त्याच्यासाठी जंगल तुडवतात. वाटेत आपल्याच वावरात तो हिरवागार पसरलेला पाहून तुळशीरामाचा पाय अडखळला. पण मनकर्णाचा चेहरा आठवला आणि तो मुकाट पुढं गेला. सागाच्या सावलीत कोवळे शेंडे खुडले, गाठोडं बांधलं, परत फिरला.

नाल्यावर गावातल्या हिंमतरावाची बैलगाडी भेटली. "बस बे," म्हटल्याबरोबर तुळशीराम बसला. गाव दिसायला लागलं तेव्हा डोक्यात उजेड पडला. केना तर बैलांनी ओढला! तो टुणकन उतरला, गाठोडं डोक्यावर घेतलं आणि घामाघूम झाल्यासारखा घरात शिरला.

"पायी आणला, बापा!" शेजारची तानुबाई कौतुकानं म्हणाली. तुळशीराम नुसता खोकला.

भाजी शिजली. सहाजणी पाटावर बसल्या. मनकर्णाबाई लंगडत भाजीचा गंज, ते मोठं पातेलं, घेऊन वाढायला निघाली. सकाळपासून तिच्या पोटात अन्नाचा कण नव्हता. आपल्या आळसापायी हिचा नेम मोडणार, हे काही तुळशीरामाला पाहवेना.

"थांब वं! केना नाल्यापासून गाडीत आला."

मनकर्णाबाईचा हात तिथंच थांबला. डोळे भरले.

"आता काय पाट खावा का?" तानुबाई कडाडली.

सगळ्यांत म्हाताऱ्या सत्यभामाबाईंनी हात वर केला. "कल्ला नोको. बैलानं जेथून ओढला तेथं माणसानं परत न्यावा. बैलाचे कष्ट फिटले. आपण नाल्यावरच जेवू."

"गरम गंज डोक्यावर?" तुळशीराम म्हणाला.

"मंग थंडा होईल चालता चालता."

चुंबळ ठेवून, गंज डोक्यावर घेऊन तुळशीराम निघाला. मागं सहा उपाशी बायका आणि लंगडणारी मनकर्णाबाई. गल्लीच्या तोंडाशी हिंमतरावाची गाडी जुंपलेलीच होती.

"वहिनीचा पाय दुखून राह्यला. बसू द्या तिले," हिंमतराव म्हणाला.

"बसू दे," सत्यभामाबाई म्हणाल्या. "आपल्याले भाजी खायाची हाये, मनकर्णा नाही."

"मंग मी बी बसतो. गंज डोक्यावरच राह्यल."

"खाली उतर!" सहाजणी एका सुरात ओरडल्या.

गाडी पुढं निघाली. मनकर्णाबाई मागच्या बाजूला पाय सोडून बसली होती. तिच्या डोळ्यांतलं पाणी वाळलं होतं.

"मान हलवू नका हो," ती पदराआडून हसत म्हणाली. "रस्सा सांडल."